मोडलेल्या कारखान्यांचे मोल

हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्या काळी दारापुढे हत्ती झुलत असत त्या काळची ती म्हण. परंतु आजच्या यंत्रयुगात ती एका निराळ्याच अवाढव्य प्राण्याला तंतोतंत लागू पडते. तो प्राणी म्हणजे मोटारींचा कारखाना. कारखाना बंद पडला, की त्याची जमीन इमारती बांधणाऱ्यांकडे जाते, लोखंड व तांबे भंगारवाल्याकडे जाते आणि चालती यंत्रे दुसऱ्या गावी, कित्येकदा दुसऱ्या देशी जातात. हे सारे वाटप झाल्यावर मागे जो चुरा उरतो, त्याचा या लिलावात कोणी विचारही केलेला नसतो. प्रवेशद्वारावरील नावाची पाटी, पाळी बदलल्याचे सांगणारा भोंगा, हजेरीचे घड्याळ, कामगारांचे पितळी बिल्ले, एखाद्या भागाचा लाकडी नमुना, भिंतीच्या विटा आणि जमिनीत बसविलेले लाकडाचे ठोकळे असा तो ऐवज असतो. गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेतील मोटारप्रेमी मंडळांनी आणि न्यासांनी हा चुरा वेचून तो विकण्यास प्रारंभ केला आहे. विक्रीतून येणारा पैसा ते मोटारींच्या इतिहासाचे जतन करण्यासाठी खर्च करतात. वारशाचा एक तुकडा विकून उरलेला वारसा राखावयाचा, अशी ही योजना आहे. ती कितपत योग्य आहे, ती केव्हा साधते आणि केव्हा फसते, याचा विचार या भाषणात करावयाचा आहे.

श्रोतेहो, या वस्तूंना गिऱ्हाईक तरी कोण मिळते, असा प्रश्न कोणालाही पडेल. विटेसारखी वीट, ती कोठल्याही भट्टीत भाजून मिळते. परंतु ज्याच्या बापाने त्या भिंतीच्या आत तीस वर्षे घाम गाळला, त्याच्या लेखी ती वीट इतर विटांसारखी नसते. लाकडी ठोकळ्यांचे उदाहरण घ्या. जुन्या कारखान्यांत पुष्कळ ठिकाणी जमीन सिमेंटची न करता उभ्या रेषांच्या लाकडी ठोकळ्यांची करीत. लाकूड तेल पिऊन घेई, हातातून निसटलेले हत्यार त्यावर पडून सहसा मोडत नसे आणि दिवसभर उभे राहणाऱ्याच्या पायांनाही ते सुसह्य होई. असा तेलाने काळा झालेला एक ठोकळा म्हणजे कारखान्यातील श्रमाचा इतिहासच होय. तो वाचण्यास अक्षरओळखीची गरज पडत नाही.

याहून नवलाची कथा रंगाची आहे. पूर्वी मोटारींच्या सांगाड्यांवर रंगाचा फवारा हाताने मारीत. त्यातील बराचसा रंग गाडीवर न बसता आजूबाजूच्या घोड्यांवर व सळ्यांवर बसे. गाडीबरोबर ते घोडेही भट्टीतून जात, आणि तो रंग तेथे भाजून कडक होई. आज निळा, उद्या तांबडा, परवा पांढरा, असे थरावर थर चढत जाऊन त्याचे जाड खडे बनत. काम अडू लागले की ते खडे खरवडून फेकून देत. काही कामगारांनी ते घरी नेले, कापून घासले, आणि आत अकीकासारख्या रंगीबेरंगी रेघा दिसू लागल्या. आज या खड्यांना फोर्डाइट असे नाव पडले असून त्यांच्या अंगठ्या आणि पदके होतात. रंगकामाची पद्धत बदलल्यामुळे असे खडे आता नव्याने तयार होत नाहीत. जे कचऱ्यात जावयाचे ते रत्न ठरले, आणि ते प्रथम ओळखले ते कारखान्यात राबणाऱ्या हातांनी, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मोटारीच्या वारशाकडे पाहण्याची जगाची दृष्टी मात्र बहुधा याच्या उलट राहिली आहे. जुनी मोटार जपली जाते, आणि तिचे जन्मघर पाडले जाते. मोटारीला मालक असतो, तिला पुसणारा सेवक असतो, प्रदर्शनात तिला पारितोषिक मिळते. कारखान्याला मालक असतो तो नफा आहे तोवरच. ही विषमता जेथे सर्वांत ठळक दिसते ते गाव म्हणजे मोटारींची राजधानी म्हणून गाजलेले अमेरिकेतील डेट्रॉइट शहर. तेथील दोन कारखान्यांचे दैव शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

यातील पहिला कारखाना पॅकार्ड कंपनीचा. ओहायो राज्यातील वॉरेन गावी पॅकार्ड बंधूंनी १८९९ साली आपली पहिली मोटार तयार केली, आणि १९०३ मध्ये कंपनीचा मुक्काम डेट्रॉइटला हलला. तेथील इमारती आल्बर्ट कान या वास्तुशिल्पज्ञाने उभारल्या. त्यांतील १९०५ सालची दहा क्रमांकाची इमारत लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची होती. या पद्धतीमुळे जाड भिंतींचा आधार कमी लागला, खांबांमधील अंतर वाढले, खिडक्या रुंद झाल्या, आणि कामावर उजेड पडू लागला. पुढे जगभरच्या कारखान्यांचे रूप बदलून टाकणाऱ्या बांधकामाचा तो आरंभ होता. वाढत वाढत या कारखान्याचे क्षेत्र सुमारे ३५ लाख चौरस फुटांवर गेले. धनिकांच्या दिमाखदार गाड्या तेथे तयार होत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रोल्स-रॉइसची मर्लिन विमान-इंजिने बनविण्याचे काम पॅकार्डने पत्करले आणि पंचावन्न हजारांहून अधिक इंजिने बांधून दिली.

एवढा हा डोलारा. पण युद्धानंतर मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत पॅकार्ड टिकली नाही. १९५४ मध्ये ती स्टुडबेकर कंपनीशी जोडली गेली, त्याच सुमारास या जुन्या वास्तूतील मोटारबांधणी थांबली, आणि जून १९५६ मध्ये डेट्रॉइटमधील अखेरची पॅकार्ड बाहेर पडली. पुढे काही दशके इमारती लहानसहान धंद्यांना भाड्याने गेल्या. शतकाच्या अखेरीस त्याही ओस पडल्या. मग आली भंगार वेचणाऱ्यांची धाड. तारांतील तांबे गेले, नळ गेले, छताच्या तुळया गेल्या. हे सारे वजनावर विकले गेले. ज्या वस्तूंना नाव, गाव आणि इतिहास होता, त्या निनावी होऊन वितळल्या. इतिहासाच्या वाट्याला त्यातील एक कवडीही आली नाही.

या पडझडीत एक विलक्षण प्रकार घडला. बँक्सी या टोपणनावाने भिंतींवर चित्रे काढणारा एक जगप्रसिद्ध पण चेहरा न दाखविणारा चित्रकार आहे. २०१० साली त्याचे एक चित्र या ओसाड कारखान्याच्या भिंतीवर दिसू लागले. हातात रंगाचा डबा घेतलेला एक लहान मुलगा तेथे उभा होता, आणि जवळच, पूर्वी येथे झाडे होती अशा अर्थाचे वाक्य होते. शहरातील एका कलासंस्थेने भिंतीचा तेवढा तुकडा कापून नेला. त्यावरून वादंग माजला, आणि अखेर २०१५ मध्ये तो तुकडा कॅलिफोर्नियातील लिलावात १,३७,५०० डॉलरला विकला गेला. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१३ साली थकलेल्या करापोटी सरकारने हा कारखानाच्या कारखाना लिलावात काढला होता. त्याला किंमत आली ४,०५,००० डॉलर. म्हणजे ३५ लाख चौरस फुटांच्या पसाऱ्याला जेवढे मोल आले, त्याच्या एक-तृतीयांश मोल भिंतीच्या एकाच तुकड्याला आले. आणि ते आले चित्रकाराच्या नावामुळे. त्या भिंतीआड ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या नावाची किंमत त्यात धरलेली नव्हती. वस्तूचे मोल तिच्या द्रव्यात नसून तिच्याशी जोडलेल्या कथेत असते, हे यावरून स्पष्ट होते. पॅकार्डची कथा सांगणारा कोणी वेळेवर पुढे आला असता, तर विटांनाही बोली आली असती.

जानेवारी २०१९ मध्ये रस्त्यावरून जाणारा कारखान्याचा पूल कोसळला. सप्टेंबर २०२२ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि २०२४ च्या अखेरीस ते आटोपले. रस्त्यालगतचा थोडासा भाग मात्र स्मृती म्हणून राखण्यात आला. पॅकार्डच्या चाहत्यांनी शहाराबाहेरील कंपनीचे जुने चाचणी-मैदान मात्र वाचविले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब होय. १९२८ साली खुल्या झालेल्या या मैदानात अडीच मैलांची काँक्रीटची फेरी होती. तेथील इमारतीही आल्बर्ट कान यांच्याच. आज एक न्यास त्यांची देखभाल करतो.

दुसऱ्या कारखान्याची हकीकत याहून सुखद आहे. पिकेट ॲव्हेन्यू नामक रस्त्यावर १९०४ साली फोर्ड कंपनीने एक तीन मजली विटांची इमारत बांधली. लांबी ४०२ फूट आणि रुंदी अवघी ५६ फूट. न्यू इंग्लंडमधील कापडगिरणीच्या धर्तीवर तिची रचना केलेली असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून आत उजेड येई. याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका बंद खोलीत हेन्री फोर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडेल टी’ ही गाडी कागदावर आणली. सप्टेंबर १९०८ मध्ये तिचा पहिला नग तयार झाला. आरंभी तिची किंमत ८५० डॉलर होती, आणि १९२७ पर्यंत तिचे दीड कोटी नग निघाले. शेतकऱ्याच्या अंगणात मोटार नेऊन उभी करणारी ती हीच गाडी. १९०८ च्या उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी गाडीचा सांगाडा दोराने ओढीत नेऊन त्यावर क्रमाक्रमाने भाग बसविण्याचा प्रयोग आपण येथेच केला, असे फोर्डचा सहकारी चार्ल्स सोरेन्सेन याने आपल्या आठवणींत नोंदविले आहे. पुढे १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात जी सरकती जुळणी सुरू झाली, तिचे बीज या खोल्यांत होते.

फोर्ड येथून १९१० मध्ये बाहेर पडला. वास्तू स्टुडबेकर कंपनीकडे गेली, नंतर आणखी अनेकांकडे गेली. तिचे सुदैव असे, की तिच्यात कोणी ना कोणी काही ना काही करीत राहिले, आणि छप्पर शाबूत राहिले. २००० साली काही इतिहासप्रेमींनी एक संस्था स्थापून ती विकत घेतली. त्यांच्यापाशी मोठे भांडवल नव्हते. प्रवेशमूल्य, वर्गण्या, देणग्या आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर एकेक खिडकी दुरुस्त होत गेली. २००५ मध्ये समोरच्या जुन्या इमारतीला भीषण आग लागली; त्या संकटातूनही ती बचावली. २००६ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आज तेथील तेलाने डागाळलेल्या लाकडी जमिनीवर पाऊल ठेवणाऱ्याला जे कळते, ते शंभर विटा घरी नेऊनही कळणार नाही.

केवळ सरकारी दर्जाने वास्तू वाचते, असे मात्र कोणी समजू नये. त्याच मिशिगन राज्यातील लॅन्सिंग गावी रॅन्सम ओल्ड्स या आद्य कारखानदाराचा रिओ नावाचा कारखाना होता. १९७८ साली त्यालाही हाच राष्ट्रीय दर्जा देण्यात आला, आणि त्यानंतर थोड्याच काळात तो जमीनदोस्त झाला. ताम्रपट हाती आला, पण गाव राहिले नाही, अशातला तो प्रकार. वास्तू वाचते ती तिला रोजच्या रोज झाडणारे, रंगविणारे आणि तिच्यासाठी पदर पसरणारे लोक असले म्हणजे.

जुन्या वस्तूंचा लोभ स्वतः हेन्री फोर्डलाही कमी नव्हता. त्याने एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा डिअरबॉर्न येथे आणून पुन्हा उभारली आणि तिच्याबरोबर तेथील मातीसुद्धा आणविली. पण ज्या शेडमध्ये त्याने १८९६ साली आपली पहिली गाडी जुळविली, ती मूळ जागेवर राहिली नाही. तिची प्रतिकृती त्याने आपल्या संग्रहालयात उभारली. मूळ जागी १९२६ मध्ये एक भव्य नाट्यगृह झाले. ते बंद पडल्यावर नक्षीदार छत तसेच ठेवून त्याच्या पोटात मोटारी उभ्या करण्याचा तळ करण्यात आला. जेथे मोटार जन्मली, तेथेच मोटारींनी नाट्यगृह गिळले! दैवगतीचा हा विनोद डेट्रॉइटला जाणारे प्रवासी आजही पाहू शकतात.

असो. आतापर्यंत आपण विटामातीचा विचार केला. आता मोठ्या रकमांकडे वळू. कारण वारसा विकून निधी उभारण्याचा खरा कस तेथे लागतो. जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या स्वतःच्या संग्रहात १९५५ सालच्या दोन बंदिस्त शर्यती गाड्या होत्या. जगात त्या दोनच. मे २०२२ मध्ये कंपनीने त्यांतील एक स्टुटगार्टच्या आपल्या संग्रहालयात लिलावाने विकली, आणि तिला १३ कोटी ५० लाख युरो मिळाले. मोटारीला लिलावात एवढी किंमत त्यापूर्वी कधीच आली नव्हती. त्या पैशातून पर्यावरणविषयक शिक्षण व संशोधन करणाऱ्या तरुणांसाठी शिष्यवृत्तीचा निधी स्थापण्यात आला. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु मोटारीच्या वारशातून आलेला पैसा वारशाकडे परतला नाही, हेही खरे.

याच्या पुढचे उदाहरण इंडियानापोलिसचे. १९०९ साली तेथील शर्यतीच्या वर्तुळावर बत्तीस लाख विटा अंथरण्यात आल्या, म्हणून त्या मैदानाला विटांचे अंगण असेच नाव पडले. १९६१ मध्ये उरलेल्या विटांवर डांबर चढले; केवळ प्रारंभरेषेवर तीन फूट रुंदीचा विटांचा पट्टा उघडा ठेवला आहे. तेथील संग्रहालयाला १९६५ साली मर्सिडीज कंपनीने आपली एक शर्यतीची गाडी भेट दिली होती. फँगिओने १९५५ साली ब्वेनोस आइरेस येथे आणि मॉसने मोंझा येथे चालविलेली ती गाडी. इंडियानापोलिसच्या शर्यतीशी तिचा संबंध नव्हता. संग्रहालयाने आपले मुख्य कार्य कोणते, याचा विचार करून अशा काही गाड्या विक्रीस काढल्या. १ फेब्रुवारी २०२५ रोजी ही गाडी ५ कोटी ११ लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये, १९६५ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली फेरारी सुमारे ३ कोटी ४९ लाख युरोंना गेली. हा पैसा उरलेल्या संग्रहाच्या दुरुस्तीसाठी आणि कायमच्या निधीसाठी होता. नूतनीकरणासाठी बंद असलेले संग्रहालयही त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पुन्हा उघडले.

अशा विक्रीवर टीका होते आणि होणारच. आज ज्याला फालतू म्हणून विकले, त्याची उद्या आवश्यकता भासली तर काय, असे टीकाकार विचारतात. शिवाय दात्याने दिलेली वस्तू विकण्याचा नैतिक अधिकार कितपत, हाही प्रश्न असतो. म्हणूनच अमेरिकेतील संग्रहालयांच्या संघटनेने असा दंडक घातला आहे, की संग्रहातील वस्तू विकून आलेला पैसा नव्या वस्तू मिळविण्यासाठी किंवा संग्रहाच्या प्रत्यक्ष जपणुकीसाठीच वापरावा; विजेचे बिल आणि पगार त्यातून भागवू नयेत. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर बी-बियाणे विकून सण साजरा करू नये. तो दंडक घालणाऱ्यांच्याही मनात हेच असावे.

विकणाऱ्यांच्या या कथांपेक्षा विकत घेणाऱ्यांची एक कथा मला अधिक मोलाची वाटते. स्वीडनमधील ट्रोलहेटन हे साब मोटारींचे गाव. डिसेंबर २०११ मध्ये साब मोटार कंपनीचे दिवाळे वाजले. धनकोंची देणी भागविण्यासाठी कंपनीच्या संग्रहालयातील सुमारे १२० गाड्याही विक्रीस निघाल्या. त्यांत पहिल्या नमुन्यापासूनच्या गाड्या होत्या. त्या फुटकळ विकल्या गेल्या असत्या तर जगभर पांगल्या असत्या. तेव्हा गावची नगरपालिका, विमाने बनविणारी साब ही मूळ कंपनी आणि वॉलेनबर्ग घराण्याचा न्यास असे तिघे एकत्र आले, आणि जानेवारी २०१२ मध्ये २ कोटी ८० लाख क्रोनर देऊन त्यांनी तो संग्रह अखंड विकत घेतला. कारखाना वाचला नाही, रोजगार गेले. परंतु आपण काय केले होते हे आपल्या मुलाबाळांना दाखविण्याची जागा त्या गावापाशी उरली. दिवाळखोरीच्या हिशेबात ही गोष्ट कोणत्याही रकान्यात बसत नाही, तरीही तिच्यावाचून गाव दरिद्री होते.

श्रोतेहो, या साऱ्या परदेशी कथांशी आपला संबंध काय, असे वाटण्याचे कारण नाही. भारतात स्वदेशी मोटारीचा धंदा उभा करण्यात जी दोन नावे अग्रभागी होती, त्या दोहोंशी मराठी जगाचा धागा जुळलेला आहे. हिंदुस्थान मोटर्स या कंपनीचा प्रारंभ १९४२ साली ओखा बंदरात झाला. हे बंदर त्या काळी बडोदे संस्थानच्या ओखामंडळात मोडत होते. पुढे कारखाना बंगालमध्ये उत्तरपाडा येथे गेला, आणि तेथे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या साच्यांवरून अँबॅसडर निघू लागली. म्हणजे एका इंग्रजी कारखान्याने टाकलेले साचे आपल्याकडे अर्धशतकाहून अधिक काळ राबत राहिले. कारखान्याच्या अवशेषाला यापरते चांगले आयुष्य कोणते? मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचे उत्पादन थांबले, आणि २०१७ मध्ये अँबॅसडर हे नाव प्यूजो या फ्रेंच कंपनीला ८० कोटी रुपयांना विकले गेले. नावालाच एवढी किंमत आली! हाही एक अवशेषच होता. तो विकला गेला तेव्हा त्यातील चार आणे तरी त्या गाडीच्या आणि ती घडविणाऱ्यांच्या स्मृतीसाठी बाजूला काढावेत, अशी मागणी जोराने व्हावयास हवी होती.

दुसरे नाव सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. तेथून निघालेली फियाट, पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी, काळ्यापिवळ्या रंगात मुंबईची टॅक्सी बनली. कोकणातून, घाटावरून आणि उत्तरेतून आलेल्या किती कुटुंबांची चूल तिच्या चाकांवर पेटली, याची गणती नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कायद्याने ठरविलेले तिचे वय भरले आणि अखेरची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी सारी मुंबई हळहळली. वृत्तपत्रांत तिची छायाचित्रे झळकली. हळहळ खरी होती. पण त्या गाडीचे पत्रे ठोकणाऱ्या, इंजिने जुळविणाऱ्या, रंगाचा वास छातीत भरून घेणाऱ्या कुर्ल्याच्या कामगारांची आठवण त्या गर्दीत कितीजणांनी काढली?

आपल्याकडेही वारसा म्हणजे प्रामुख्याने संस्थानिकांच्या आलिशान गाड्या, असे समीकरण झाले आहे. त्या जपल्या गेल्या हे उत्तमच झाले. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशभरच्या जुन्या मोटारींचे जे प्रदर्शन भरले, ते पाहणाऱ्यांचे डोळे निवले असतील. अहमदाबादजवळ आणि दिल्लीजवळ मोटारींची चांगली संग्रहालयेही आहेत. परंतु त्या गाड्या बहुतेक परदेशात घडलेल्या, आणि त्यांची कथा मालकाची कथा आहे. या देशात मोटार घडविणाऱ्या हातांची कथा सांगणारे हजेरीपुस्तक, बिल्ला, साचा, नकाशा आणि छायाचित्र बहुधा घरच्या ट्रंकेत किंवा भंगारबाजारात पडलेले असते. इंदूरच्या किंवा मुंबईच्या गिरण्यांचे जे झाले ते आपण पाहिलेच आहे. धुराडे पडले, की त्याच्या सावलीत जगलेले आयुष्यही विसरले जाते.

तेव्हा अवशेष विकून वारसा राखण्याच्या या योजनेबद्दल चार गोष्टी सांगता येतील. जे पुष्कळ आहे ते खुशाल विकावे, जे एकच आहे ते विकू नये. हजार विटा विकता येतात, परंतु कारखान्याचे नकाशे आणि हजेरीपट हे विकण्याचे धन नव्हे. विकलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर ती कोठली, कोणत्या इमारतीतली, कोणत्या वर्षी काढली, याची चिठ्ठी गेली पाहिजे. चिठ्ठीवाचून वीट ही केवळ भाजलेली माती होय. आलेला पैसा वारशाकडेच परतला पाहिजे आणि त्याचा हिशेब लोकांपुढे मांडला गेला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काहीतरी एक अखंड राखले पाहिजे. एखादी शेड, एखादे प्रवेशद्वार, निदान कागदपत्रांची एक खोली तरी असावी, की जिच्याकडे बोट दाखवून विटेचा धनी म्हणू शकेल, ही वीट तेथली. मूळ ठिकाणच उरले नाही, तर जगभर पांगलेले तुकडे परस्परांना ओळखीत नाहीत.

पिकेटच्या वास्तूपुढे पैशाचा डोंगर नव्हता. ट्रोलहेटनच्या नगरपालिकेपाशीही कुबेराचे भांडार नव्हते. दोन्ही ठिकाणी एवढेच घडले, की हातोडा पडण्यापूर्वी कोणीतरी जागे झाले. आपल्या गावात बंद पडलेला एखादा कारखाना, मोटारींची एखादी जुनी कार्यशाळा, एसटीचे एखादे जुने आगार असेल, तर तेथे ज्यांनी काम केले ती माणसे आज सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत. त्यांच्याकडे जावे, त्यांच्या ट्रंका उघडाव्यात, प्रत्येक वस्तूला तिचे नाव, तिचे साल आणि ती वापरणाऱ्या माणसाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी. या कामाला निधी लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरते. मेलेल्या हत्तीचे सव्वा लाख कोणीही मोजून घेईल. तो जिवंत असताना त्याच्या पाठीवर कोण बसत होते आणि त्याला चारा कोण घालीत होते, हे सांगणारी माणसे आहेत तोवरच ते विचारून घेतले पाहिजे.